सुमे, आधी साल ठरव

सुमे, तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. बाहेरून तुझं मॉडेल स्टेशन झकास झालंय. काळ्या दगडाची भिंत, दर्जांत भरलेला चुना, मंगलोरी कौलं, सगळं जिथल्या तिथे. मग दारातून आत डोकावले आणि खरं सांगू? हसूच आलं. स्टेशन मास्तरांच्या खोलीत तू सोफा ठेवलायस गं! लाल, आणि तोही चकचकीत. परदेशी सेटमध्ये आला होता, पैसे मोजलेत, मग वाया कशाला घालवायचा, असं तुझ्या मनात आलं असणार. पण वेळापूरचे मास्तर सोफ्यावर रेललेले कुणी पाहिले तर कुर्डुवाडीहून मेमो यायचा. राग मानू नकोस. बाहेरचं कुणी बोललं की लागतं, म्हणून मीच बोलून टाकते.

तशी तू एका बाबतीत सुखी आहेस. वेळापूरला रेल्वे कधी आलीच नाही. अर्धनारी नटेश्वर आहे, माउलींच्या पालखीचा मुक्काम आहे, एसटी आहे, पण रूळ बघायचा तर पंढरपूर गाठावं लागतं. फलटण-पंढरपूर मार्गाच्या गप्पा तर आपण फ्रॉक घालत होतो तेव्हापासून ऐकतोय. त्यामुळे तुझं स्टेशन पुरतं मनातलं. ‘आमच्या वेळी इथे असं नव्हतं’ म्हणत कुणी आजोबा काठी टेकत पुढे येणार नाहीत. मात्र मनातलं असलं तरी ते कुठल्या तरी खऱ्या लाइनीच्या वळणावर जायला हवं, आणि आपल्या भागात ती लाइन एकच, बार्शी लाइट.

तिचा इतिहास थोडा डोक्यात ठेव, फर्निचर निवडताना कामी येतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी लाइन उभी केली. आताच्या कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तिथून बार्शी गावापर्यंत १८९७ साली गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज, असं करत लाइन दोनशे दोन मैलांची झाली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. पुढे रुंदीकरणात अडीच फुटी रूळ उखडले गेले. कॅलथ्रॉपचा सगळा भर होता हलकेपणावर. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके, पूल हलके, खर्च हलका. अशा हातचं राखून चालणाऱ्या कंपनीच्या खेड्यातल्या स्टेशनात तू दिमाख शोधायचा नाहीस. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक, एक तिजोरी, एक कपाट. त्याच्यापुढे जे ठेवशील त्याचं कारण तुला सांगता आलं पाहिजे.

तुमच्या बाजूने पंढरपूरहून अकलूजकडे एखादा फाटा निघाला असता तर मध्ये वेळापूर लागलंच असतं, आणि माळीनगर-श्रीपूरच्या साखरेची पोती त्याच फाट्यावरून गेली असती. एवढी गोष्ट पुरे. पार्सलच्या कोपऱ्यात साखरेची पोती रचायला तुला हक्काचं कारण मिळालं.

मापाचं म्हणशील तर नशीब जोरावर आहे. सत्याऐंशीपट लहान माप, म्हणजे एचओ, धरलंस ते उत्तम केलंस. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला सत्याऐंशीने भागलं की पावणेनऊ येतात, आणि बाजारात एन गेजचा तयार रूळ मिळतो नऊ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरसाठी कोण भांडतंय! पण हेच माप आत खोलीतही तितक्याच कडकपणे पाळ. तुझ्या टेबलाची उंची फोटोवरून मला बारा मिलिमीटर वाटली. खऱ्यात ती साडेतीन फुटांच्या जवळ जाते. मास्तरांना उभं राहून लिहावं लागेल. टेबल पावणेनऊ मिलिमीटर, खुर्चीची बैठक पाच, दार चोवीस, सहा फुटी बाक एकवीस. एका जुन्या पट्टीवर या खुणा करून ती कामाच्या जागी चिकटवून टाक, दर वेळी आकडेमोड नको.

आता मुद्द्याचं. सुमे, आधी साल ठरव. रंग नंतर, टेबल नंतर, दिवा तर त्याच्याही नंतर. तुझ्या त्या खोलीत एकाच वेळी कंदील आहे, ट्यूबलाइट आहे आणि प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची आहे. तिन्ही वस्तू खऱ्या आहेत, पण तिघी एका वर्षात नांदत नाहीत.

१९३५ धरलंस तर राज्य कंपनीचं. रॉकेलचे दिवे, भाडं आण्यांत, वजन मणात, तिकीट तिसऱ्या वर्गाचं. आणि एक गोष्ट दाखवायला मन धजत नाही, पण खरी आहे: पिण्याच्या पाण्याची भांडी दोन, एकावर हिंदू पाणी, दुसऱ्यावर मुसलमान पाणी. १९८५ धरलंस तर भिंतीवर ट्यूबलाइट, वर पंखा, कोपऱ्यात करड्या रंगाचं लोखंडी कपाट. तिसरा वर्ग १९७४ मध्येच गेलेला, म्हणून तिकीटखिडकीवरची पाटी दुसऱ्या वर्गाची.

मला विचारशील तर १९५८ धर. का ते ऐक. सरकारने लाइन घेऊन चारच वर्षं झाली आहेत. खुर्च्या, टेबलं, तिजोरी कंपनीच्या काळातली, कारण सरकार बदललं म्हणून सागवानी टेबल कुणी फेकत नाही. भिंतीवर मात्र गांधीजींचा फोटो आला आहे आणि कॅलेंडर नव्या राज्याचं आहे. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे सुरू झालेत, त्यामुळे भाड्याच्या फलकावर आण्यांचे आकडे खोडून पैशांचे लिहिलेत. मण-शेर जाऊन किलो नुकते कुठे यायला लागलेत. जुनं आणि नवं एकाच भिंतीवर दाखवता येईल असं याच्याइतकं सोयीचं वर्ष मला दुसरं दिसत नाही. वर इंजिन वाफेचं, म्हणजे काजळी दाखवायला मोकळीक.

मास्तरांच्या खोलीत काय काय असायचं, ते तुला फलाटावरच्या दारात उभं राहून सांगते, कारण बघणारा तिथूनच बघणार. समोर टेबल, लांबट, डाव्या-उजव्या हाताला एकेक खण. त्याच्यावर गाड्यांच्या नोंदीची जाडजूड वही, शाईची दौत, रबरी शिक्के, भिंतीजवळ टेलिफोन. टेबलामागे हातांची लाकडी खुर्ची, बैठक वेताने विणलेली. बाजूला पाठ नसलेलं एक स्टूल, पॉइंट्समन टेकतो तेवढ्यापुरतं. कोपऱ्यात जमिनीवर तिजोरी. कोनाड्यात हातबत्त्या ओळीने, आणि खुंटीला गुंडाळलेले दोन झेंडे, हिरवा नि लाल. घड्याळ दारासमोरच्या भिंतीवर, म्हणजे फलाटावरून दिसेल असं. त्याचा व्यास साडेतीन मिलिमीटरच्या पलीकडे नेऊ नकोस. आणि पंढरपूरची लाइन आहे बाई, विठोबाची तसबीर विसरलीस तर पाप लागेल.

लाल बॉल टोकनचं यंत्र सगळे मॉडेलवाले हौसेने लावतात. दिसायला देखणं आहे आणि एकेरी मार्गांवर ते खूप ठिकाणी होतंही. पण तुझ्या हाती जोवर बार्शी लाइनीच्या त्या काळच्या स्टेशनाचा आतला फोटो लागत नाही, तोवर टेलिफोन आणि वही यांच्यावर भागव. एखादी वस्तू ठेवली नाही म्हणून कुणी नाव ठेवत नाही. भलती ठेवली की तीच डोळ्यांत खुपते.

तिकीटघरात तुझा फार जीव अडकलाय, हे मला कळलं. पुठ्ठ्याच्या एडमंडसन तिकिटांची ती कप्प्याकप्प्यांची मांडणी, तारीख उठवणारं काळं बिडाचं यंत्र, खट्-खट् आवाज, आपण दोघींनी पंढरपूरला ऐकलेला. पण हिशेब कर. खरं तिकीट ५७ बाय ३० मिलिमीटरचं. तुझ्या मापात ते पाऊण मिलिमीटरही भरत नाही. आणि बघणाऱ्याला ते दिसणार कुठून? खिडकीच्या हाताएवढ्या भोकातून, जे तुझ्याकडे सव्वादोन मिलिमीटरचं आहे! तिथे कागदावर बारीक उभ्या-आडव्या रेघा मारून चिकटव आणि पुढे चल. यंत्रासाठी काळ्या मण्याचा अर्धा तुकडा पुरतो. जीव ओतायचा तो फलाटाकडच्या दारात आणि प्रतीक्षागृहात, जिथे नजर खरोखर पोचते. आतलं काम सुरू करायच्या आधी रिकाम्या इमारतीच्या प्रत्येक दाराखिडकीला डोळा लावून बघ, आणि जे दिसतं तेवढंच जमिनीवर पेन्सिलीने आखून घे. निम्मं काम तिथेच वाचतं.

सामानासाठी तयार सेट आता पुरे. घरातच सगळं आहे. फक्त काड्यापेटीची काडी टेबलाच्या पायाला लावू नकोस. दोन मिलिमीटरची काडी सत्याऐंशीने गुणलीस तर पाय सात इंच जाड होतो, तेवढा तर वाड्याचा खांब असतो. खराट्याचे हीर घे, बारीक टोकाकडचे. आइस्क्रीमची काडीही तशीच जाड पडते. टेबलाचा वरचा भाग, बाकाच्या पट्ट्या, कपाटाची दारं, सगळं जुन्या व्हिजिटिंग कार्डांतून काप. कार्ड साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाड असतं, म्हणजे बरोबर इंचभर फळी. वेताच्या बैठकीला गाळणीची फाटकी जाळी. मोहरीचा दाणा म्हणजे तांब्या. माठाला पाचएक मिलिमीटरचा मातीचा मणी, खाली तिवई, वर कार्डाचं गोल झाकण.

आगीच्या बादल्या मात्र मनापासून कर. लाकडी चौकटीला टांगलेल्या, वाळू भरलेल्या, बाहेरून लाल. त्यांचा तळ गोल असतो, माहीत आहे ना? बादली जमिनीवर ठेवली की कलंडते, म्हणून तिचा दुसऱ्या कामाला उपयोग होत नाही आणि ती जागेवरून हलत नाही. तुझ्या बादल्या सपाट तळाच्या आहेत. बारीक गोल मणी अर्धा घासून घे, उघड्या बाजूत गोंदाचा ठिपका देऊन त्यावर बारीक रेती भुरभुरव. तीन मिलिमीटर उंच, त्याहून मोठी नको. चारच टांग, पण त्यांतली एक थोडी तिरकी असू दे.

रंगाकडे येते. इथे तू फार घाबरली आहेस, आणि घाबरून सगळ्या भिंती पांढऱ्याफेक केल्या आहेस. खेड्यातल्या स्टेशनाची भिंत चुन्याची असते आणि चुन्यात नीळ असते, हे खरं. पण तो चुना वर्षानुवर्षं एकावर एक चढलेला असतो आणि त्याच्यावर कंदिलाचा धूर बसलेला असतो. पांढऱ्यात यलो ऑकरचा एक थेंब आणि काळ्याचं नुसतं टोक मिसळ. ओला असताना मळकट वाटेल, वाळला की चुनाच दिसेल. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा हे दोन रंग लहान मापाच्या कामात दिसेल अशा जागी कुठेच लावायचे नाहीत. लांबून बघितलेल्या खऱ्या वस्तूचा रंग हवेने फिका झालेला असतो, आणि मॉडेल आपण नेहमी लांबूनच बघत असतो. म्हणून लालातही चिमूटभर पांढरा, हिरव्यातही.

भिंतीच्या खालच्या चार फुटांना गडद पट्टा हवा, म्हणजे तुझ्या मापाने चौदा मिलिमीटर. त्याचं कारण सौंदर्याचं नाही. टेकलेले खांदे, तेल लावलेली डोकी, बुटांचे डाग आणि पानाच्या पिचकाऱ्या तिथे जिरून जातात. मी तरी गेरूच लावते, खराखुरा, कुंभाराकडचा. तो वस्त्रगाळ करून पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवायचा. ट्यूबमधल्या बर्न्ट सिएनाला तो कोरडा पोत येत नाही. पट्ट्याच्या वरच्या काठाला बारीक पेनने एक काळपट रेघ ओढायची, पट्टीला धरून, आणि एका ठिकाणी हात थोडा हलू द्यायचा. रंगाऱ्याचाही हलतोच की.

गेरूचा पट्टा सरसकट एकसारखा ठेवू नकोस. बाकामागे डोक्यांच्या उंचीवर तेलकट काळपट ढग हवा. दाराच्या चौकटीला हात लागतो तिथे रंग उडालेला आणि आतलं लाकूड उघडं. तिकीटखिडकीखाली, लोक कोपर टेकतात तिथे, भिंत गुळगुळीत आणि गडद. १९५८ धरलंस तर दाराच्या हिरव्याचा एखादा पोपडा उडवून खाली जुना करडा दाखव. कंपनी गेली आणि सरकार आलं हे तेवढ्या पोपड्यातून बघणाऱ्याला कळतं, पाटी लावावी लागत नाही. करायला सोपं आहे: आधी करडा, तो वाळल्यावर जागोजागी बारीक मीठ ओल्या बोटाने चिकटवायचं, वर हिरवा, आणि वाळला की मीठ खरवडून काढायचं.

जमिनीला शहाबादी फरशी. शहाबाद सोलापूरच्या पुढे मध्य रेल्वेच्याच मार्गावर आहे, आपल्या भागात फरशी म्हटलं की तीच. दोन फुटी फरशी तुझ्याकडे सात मिलिमीटरची होईल. करड्या रंगात थोडा निळा, थोडा हिरवा, आणि प्रत्येक फरशी शेजारणीपेक्षा केसभर वेगळी. दारापासून टेबलापर्यंतची वाट उजळ कर, पायांनी घासून ती गुळगुळीत होते. कपाटाखाली गडद.

आणि चमक मार बाई, आधी चमक मार! खऱ्या दाराचा ऑइलपेंट चकाकतो, तिजोरी चकाकते, पण मॉडेलमध्ये तीच चकाकी आली की वस्तू खेळण्यातली वाटते. रंगात टाल्कम पावडरची चिमूट टाक, नाहीतर वरून मॅट वार्निशचा हात दे. ड्रेसिंग टेबलावरचं बाकीचंही वापर. तपकिरी आयशॅडो ही अव्वल दर्जाची धूळ आहे, मऊ ब्रशने बाकाच्या पायांशी लावून बघ. धुरासाठी समईवर वाटी उपडी धरून काजळी धर. ती कोरडीच, कंदिलाच्या खुंटीच्या वर, वरच्या दिशेने फिकी होत गेलेली. डबीतलं काजळ नको, ते तुपकट असतं आणि पसरतं.

प्रतीक्षागृहाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. तू बाकावर पाच माणसं ओळीने बसवलीस, सगळी कोट-हॅटातली. ती परत डब्यात टाक. आपल्याकडच्या स्टेशनात बाक असायचा, पण बायका जमिनीवर बसायच्या. गाठोडं मांडीशी, मूल पदराखाली, पाठ भिंतीला. बाकावर एखादा पुरुष, तोही पाय वर घेऊन. हे तू दाखवलंस तर स्टेशन मराठी झालं. एवढ्या लहान स्टेशनात बायकांची वेगळी खोली काढायची गरज नाही. मोठ्या स्टेशनात असायची, वरच्या वर्गाच्या बायकांसाठी लांब हातांच्या आरामखुर्च्यासुद्धा, पण आपल्या आज्या त्या खुर्च्यांवर कधी बसल्या असतील असं मला वाटत नाही. त्यापेक्षा एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून लेकराला पाजणारी एक बाई बसव. बघणाऱ्याला तिची फक्त पाठ दिसेल, आणि तेवढंच दिसायला हवं.

नऊवारीसाठी साधा टिश्यू पेपर घे. त्याचा एकच पदर सुटा कर, पातळ गोंदात भिजव आणि दाभणाच्या टोकाने निऱ्या काढ. बाई साडेसतरा मिलिमीटरपेक्षा उंच नको. लुगड्यांचे रंग खोल असू देत, हिरवा, जांभळा, कुंकवासारखा लाल, आणि मळलेले. अख्ख्या स्टेशनात खरा रंग फक्त बायकांच्या अंगावर असू दे. भिंती, लाकूड, फरशी, सगळं त्यांच्यापुढे नमतं घेईल. वारीच्या दिवसांचं स्टेशन करायचा मोह तुला होणार, वेळापूरची आहेस. यंदा आवर. पताका, वीणा, तुळशीवृंदावनं आली की आतलं फर्निचर कुणी बघणारच नाही आणि तुझी मेहनत गर्दीत जाईल.

दिव्यांचं थोडक्यात. १९५८ ला खेड्यातल्या स्टेशनात वीज नाही, म्हणजे मास्तरांच्या टेबलावर एक कंदील आणि प्रतीक्षागृहात एक. पिवळसर एलईडी घे. बारा व्होल्टवर एक किलोओहमचा रेझिस्टर लावलास तर खोली दवाखान्यासारखी उजळेल. दहा किलोओहम लाव, कंदील वाटेल. कोपरे अंधारातच राहू देत, तिथलं सामान करायचे कष्टही वाचतात. आतल्या रंगाचा पहिला हात द्यायच्या आधी भिंतींच्या आतल्या बाजूला आणि छताला एक काळा हात मारून घे, नाहीतर रात्री पुठ्ठ्यातून उजेड झिरपून भिंतच कंदिलासारखी पेटलेली दिसते.

चिकटवायला घरची खळ वापरू नकोस. तुझ्याकडच्या मुंग्या आणि झुरळं बाक खाऊन टाकतील. मोहरीचा तांब्याही आधी भाजून घे आणि मग रंगव. पत्र्याच्या खोलीत मांडणी ठेवली आहेस, तर वैशाखात तिथे काय तापतं ते मी सांगायला नको. ग्लू गनचे जोड तिथे टिकत नाहीत. फेव्हिकॉल लाव आणि मोठ्या पुठ्ठ्याला आतून आडव्या पट्ट्या दे, म्हणजे वाकायचा नाही.

आता एक आतलं. तू फोनवर हळूच बोललीस ना, की पार्सल आलं की शेजारणीकडे ठेवायला सांगतेस? तसं करू नकोस, सुमे. मीही सासरी आल्यावर बरीच वर्षं हे सगळं ‘मुलाचा प्रोजेक्ट’ म्हणून खपवलं. मुलगा इंजिनिअर होऊन बेंगळुरूला गेला तरी दुकानात मला अजून विचारतात, ‘मुलगा केवढा आहे?’ मी सांगते, एकतीस वर्षांचा, आणि हे माझ्यासाठी आहे. समोरचा जरा चपापतो, मग मुकाट्याने माल दाखवतो. भिशीतले थोडे पैसे उघडपणे बाजूला काढ, वहीत ‘रेल्वे’ म्हणून लिही, आणि दाजींना किंमत खरी सांग. खोटी किंमत एकदा सांगितली की पुढच्या प्रत्येक इंजिनाला खोटंच सांगावं लागतं. ते हसतील दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सिग्नलची वायर जोडायला तेच बसतील, बघशील. पुरुषांना सोल्डरिंग गन दिसली की राहवत नाही.

पुण्याला आलीस की कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लहान रेल्वेचं संग्रहालय बघून येऊ. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, आणि एका माणसाची हौस केवढी वाढू शकते ते दाजींनाही तिथे कळेल. बरोबर आणच त्यांना. गाड्या सगळेच बघतात, तू इमारतींच्या खिडक्यांतून आत बघ.

आणि तुझ्या खऱ्या अभ्यासाची जागा घराजवळच आहे. पंढरपूर-सांगोल्याकडच्या कुणाच्या तरी घरात रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा निघतीलच. त्यांच्याकडे जाताना कॅमेरा नंतर काढ. आधी एवढंच विचार, की रात्रपाळीला तुम्ही कुठे टेकायचा, डबा कुठे ठेवायचा, पाऊस आला की छत कुठे गळायचं. फर्निचर काय होतं असं विचारलंस तर ‘टेबल-खुर्ची’ म्हणून मोकळे होतील. डबा कुठे ठेवायचा विचारलंस की अख्खी खोली उभी करतील, खुंट्यांसकट. गळक्या जागेचा पिवळा डाग छताखालच्या भिंतीवर काढायला विसरू नकोस. तो कुठल्याच तयार सेटात मिळत नाही.

सोफा टाकू नकोस मात्र. तुझ्या मांडणीत पुढेमागे एखाद्या बागायतदाराचा बंगला येईल, तिथे तो शोभेल, रंग तेवढा उतरव. व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा आणि गाळणीची जाळी उद्याच्या कुरिअरने पाठवते, पत्ता तुझ्या घरचाच घालतेय, शेजारणीचा नाही. दिवाळीला येते तेव्हा बघेन, तोवर छप्पर चिकटवायचं नाही. चार कोपऱ्यांत लहान लोहचुंबक बसव, म्हणजे ते उचलता येईल आणि मला आत बोट घालून नावं ठेवता येतील.